याजकांचं लिखाण : प्राचीन इस्राएलच्या धर्मातला एक न मिटलेला वाद

मागच्या व्याख्यानात आपण योशीया राजाच्या सुधारणेपाशी थांबलो होतो. इ.स.पू. ६२२ च्या सुमाराची ती गोष्ट. व्याख्यान संपल्यावर काही श्रोत्यांनी एक तक्रार केली. ते म्हणाले, उत्पत्ती वाचलं, निर्गम अर्ध्यापर्यंत वाचलं, गोष्टी होत्या, मजा आली. मग निवासमंडपाचे पडदे, कड्या, खुंट्या सुरू झाल्या. लेवीय उघडलं तर नुसतं जनावर कापा, चरबी जाळा, रक्त शिंपडा. पुस्तक मिटून ठेवलं.

तक्रार रास्त आहे. बहुतेक लोक तिथेच पुस्तक मिटतात. पण ज्या पानांना आपण कंटाळतो ती कुणीतरी फार जिवावर उदार होऊन लिहिलेली, जपलेली पानं आहेत. त्यांच्यामागे देवळाचा विध्वंस आहे, घराण्याघराण्यांतली भांडणं आहेत, आणि 'देव आपल्याला सोडून गेला तर?' ही एक खरीखुरी भीती आहे. आज आपण तेवढंच पाहू.

आधी हे लिखाण आहे कुठे? 'याजकांचं पुस्तक' असं वेगळं हातात मिळत नाही. मोशेच्या नावावर असलेल्या पाच ग्रंथांत ते इतर लिखाणात विणलेलं आहे. जर्मन अभ्यासकांनी याजक या अर्थाच्या त्यांच्या शब्दाचं आद्याक्षर घेऊन त्याला 'पी' हे नाव दिलं आणि ते जगभर रूढ झालं. १७५३ साली फ्रान्समधले एक वैद्य, ज्याँ आस्त्र्युक, यांनी उत्पत्तीच्या पुस्तकात देवाची दोन नावं आलटूनपालटून येतात याकडे लक्ष वेधलं, तिथून ही उकल सुरू झाली. १८६९ मध्ये थेओडोर न्योल्डेके यांनी याजकीय धागा कुठून कुठपर्यंत जातो हे बऱ्यापैकी नक्की केलं.

उकल कशी करतात, हे एकाच गोष्टीवरून दाखवतो. जलप्रलयाची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नोहाने तारवात किती प्राणी घेतले? कुणीही सांगेल, प्रत्येकाची एकेक जोडी. पण सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला देव सांगतो, शुद्ध पशूंपैकी सात सात घे, अशुद्धांपैकी दोन. सहाव्या अध्यायाच्या शेवटी तोच देव सांगतो, सगळ्यांचे दोन दोन. एका ठिकाणी पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस. घाईत लिहिताना चूक झाली म्हणावं, तर चूक फार शिस्तीत झाली आहे. दोन्ही तपशील वेगळे काढून ओळीने वाचले की दोन जवळपास पूर्ण गोष्टी हाती लागतात.

आता गंमत बघा. 'सात सात' वाल्या गोष्टीत नोहा तारवातून उतरतो आणि वेदी बांधून शुद्ध पशूंचं होमार्पण करतो. तिथे जादा जनावरं हवीतच, नाहीतर एकेक जोडीतलं जनावर कापलं की ती जात संपली! 'दोन दोन' वाल्या गोष्टीत होमार्पणच नाही. का नाही? कारण ती लिहिणारे याजक आहेत, आणि त्यांच्या मते वेदी नव्हती, मंडप नव्हता, अहरोनाला अभिषेक झालेला नव्हता, तोवर कुणी बळी देऊच शकत नाही. आदाम नाही, नोहा नाही, अब्राहामही नाही. याजकांच्या सबंध लिखाणात पहिलं रीतसर अर्पण लेवीयच्या आठव्या-नवव्या अध्यायात होतं. म्हणजे प्राण्यांची संख्या हा हिशेबाचा मुद्दा नव्हता, तो हक्काचा मुद्दा होता.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं आपोआप जुळायला लागतं. पहिल्या अध्यायातली सहा दिवसांची सृष्टी आणि सातव्या दिवसाचा विसावा याजकांचा. तिथे माणसाला खायला फक्त वनस्पती दिल्या आहेत. प्रलयानंतर मांसाची मुभा मिळते, पण रक्त वगळून. सिनाय पर्वतापाशी त्याच रक्ताला वेदीवर जागा मिळते. देवाचं नावसुद्धा टप्प्याटप्प्याने कळतं: आधी नुसता 'एलोहीम', अब्राहामाला 'एल शद्दाय', आणि 'यहोवा' हे नाव थेट मोशेला, निर्गमच्या सहाव्या अध्यायात. प्रलयाचं पाणी पृथ्वीवरून आटलं तो दिवस पहिल्या महिन्याचा पहिला. निवासमंडप उभा राहिला तो दिवसही पहिल्या महिन्याचा पहिला. देवाने सृष्टीचं काम 'संपवलं' आणि मोशेने मंडपाचं काम 'संपवलं', दोन्हीकडे शब्दही तेच. त्या कड्या आणि खुंट्या कंटाळवाण्या खऱ्या, पण लिहिणाऱ्याच्या लेखी तो मंडप म्हणजे लहान केलेली सृष्टी होती. एक कडी चुकली तरी चालणार नव्हतं.

बरं, एवढी शिस्त कशासाठी? इथे आपण थोडं रेंगाळू, कारण हा आमच्या मते सगळ्यात मोलाचा भाग आहे.

लेवीयच्या चौथ्या अध्यायात ज्याला मराठी बायबलात पापार्पण म्हटलं आहे, त्याचा विधी आहे. चुकून, नकळत काही आगळीक झाली तर काय करायचं. आपल्याला वाटतं की पापी माणसाने बळी दिला, रक्ताने तो धुतला गेला. याकोब मिलग्रोम या अभ्यासकाने अगदी साधी गोष्ट विचारली : रक्त लावतात कुठे? पापार्पणाचं रक्त त्या माणसाला कधीच लावत नाहीत. ते वेदीच्या शिंगांना लावतात, म्हणजे वेदीच्या चार कोपऱ्यांवर जे उंचवटे असतात त्यांना. म्हणजे धुतली जाते ती वेदी. माणूस नव्हे. मग वेदी मळली कधी? माणसाने आगळीक केली तेव्हा, तो कितीही लांब असला तरी. पाप हवेतून जाऊन देवाच्या घराला चिकटतं. आपण आपल्या घरी बसून वाईट वागतो आणि काजळी तिकडे देवळात धरते. ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीतल्या डोरियन ग्रेचा चेहरा तरुणच राहतो आणि तसबीर कुरूप होत जाते. मिलग्रोमने हाच दाखला घेऊन १९७६ साली लेख लिहिला.

काजळी किती आतपर्यंत जाते याचेही हिशेब आहेत. साध्या माणसाची किंवा सरदाराची नकळत झालेली चूक बाहेरच्या वेदीपर्यंत जाते. तिथेच रक्त लावून पुसायची. मुख्य याजकाची किंवा सगळ्या समाजाची चूक मंडपाच्या आत, पडद्यापर्यंत जाते. तिथे सात वेळा शिंपडायचं आणि धूपवेदीला लावायचं. आणि जाणूनबुजून, उद्दामपणे केलेली पापं थेट पडद्यापलीकडे, परमपवित्रस्थानात, कोशापर्यंत पोचतात. तिथे वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक एकटा जातो, अंगावर साधी तागाची वस्त्रं घालून, धुपाच्या धुरात. लक्षात घ्या, सामान्य माणसापेक्षा याजकाची चूक देवाच्या जास्त जवळ जाऊन चिकटते. याजकांनी स्वतःच लिहून ठेवलेला नियम आहे हा.

आणि नाही पुसलं तर? काजळी साचत जाईल आणि एक दिवस देव ते घर सोडून जाईल. ही कल्पना अलंकारिक नाही. यहेज्केल हा संदेष्टा मुळात याजक घराण्यातला. त्याला पकडून बाबेलला नेलं होतं. त्याच्या पुस्तकाच्या आठव्या ते अकराव्या अध्यायात तो दृष्टान्तात यरुशलेमचं देऊळ पाहतो आणि देवाचं तेज उंबरठ्यावर येताना, मग पूर्वेच्या दारापाशी, मग शहराबाहेरच्या डोंगरावर जाताना पाहतो. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने देऊळ जाळलं. याजकांच्या हिशेबाने ते रिकामं घर होतं.

त्या प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल एक मराठीपुरती गोष्ट सांगून टाकतो. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगणाऱ्याला आपण 'बळीचा बकरा' म्हणतो आणि इंग्रजी शब्दाचा अनुवाद म्हणून तोच शब्द वर्तमानपत्रांत येतो. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात बकरे दोन आहेत. चिठ्ठ्या टाकतात. एक यहोवासाठी, एक अजाजेलसाठी. बळी जातो तो पहिला, आणि त्याच्यावर कुणाचं काही पाप ठेवलेलं नसतं. त्याचं रक्त पुसायला वापरतात. ज्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांच्या पापांचा पाढा वाचतात, तो दुसरा. त्याला कापत नाहीत, रानात सोडून देतात. म्हणजे आपला 'बळीचा बकरा' हा बळी नव्हेच. बोलीभाषेत रुळलाय तो शब्द, राहू द्या, पण हे पुस्तक वाचताना दोन्ही बकरे वेगळे ठेवा.

दुसरा शब्द सोवळं-ओवळं. तो आपल्याला इथे फार चटकन सुचतो, आणि थोडासा उपयोगीही आहे. पण दोन ठिकाणी तो दगा देतो. एक, याजकांच्या लेखी अशुद्धता कायमची नसते आणि जन्माने कुणी अशुद्ध नसतो. खुद्द मुख्य याजकही अशुद्ध होतो, आंघोळ करतो, सूर्य मावळतो, शुद्ध होतो. जातीवरून विटाळ मानण्याची जी गोष्ट आपल्या समाजाने केली तिला इथे जागा नाही. दुसरं, सुतक. आपल्याकडे सुतक नात्याने येतं. चुलता पुण्यात वारला तर नागपुरातल्या पुतण्याला येतं. तिकडे ते स्पर्शाने किंवा एका छपराखाली असल्याने येतं. प्रेत शेजाऱ्याचं असलं तरी सात दिवस, आणि लांब गेलेल्या भावाचं काहीच नाही. याजकाला मात्र अगदी जवळच्या नातलगांखेरीज कुणाच्या प्रेताजवळ जाता येत नाही, आणि मुख्य याजकाला आईवडिलांच्याही नाही.

पुरोहितांचं लिखाण म्हटलं की दक्षिणा आणि लुबाडणूक हेच आपल्या डोळ्यांपुढे येतं. त्याला आपला इतिहास कारण आहे आणि ते कारण खोटं नाही. इथेही याजकांचा वाटा आहेच : अर्पणाचं मांस, पीठ, पहिलं पीक. पण त्याच कायद्याने त्यांना जमिनीत वाटा नाकारला आहे. आणि पाचव्या अध्यायात एक तरतूद आहे ती वाचून बघा. मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे आणा. पारवेही परवडत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ आणा, म्हणजे दोनसव्वादोन लिटर पीठ. त्याला तेल नको, धूप नको. रक्ताशिवाय काही पुसलं जात नाही असं म्हणणाऱ्या व्यवस्थेत गरिबासाठी पीठही चालतं! आणखी एक : जनावर कापतो तो ते आणणारा माणूस. याजकाचं काम रक्तापासून सुरू होतं. पुस्तकाची सुरुवातही 'इस्राएल लोकांना सांग' अशी आहे. आसपासच्या राज्यांत असले विधी देवळातल्या जाणकारांपुरते असत. इथे ते सगळ्यांना ऐकवायचे आहेत.

लेवीयचे सतरा ते सव्वीस हे अध्याय थोडे वेगळ्या हाताचे वाटतात. १८७७ मध्ये आउगुस्ट क्लोस्टरमान यांनी त्यांना 'पावित्र्यसंहिता' अशा अर्थाचं नाव दिलं. आधीच्या अध्यायांत पवित्र काय, तर मंडप, त्यातल्या वस्तू, याजक. इथे सगळ्या लोकांनीच पवित्र व्हायचं आहे. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं गरिबासाठी ठेवा, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे वाक्य पुष्कळांना शुभवर्तमानातलं वाटतं. ते मुळात या पुस्तकातलं, एकोणिसाव्या अध्यायातलं आहे, आणि त्याच अध्यायात पुढे परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितली आहे.

आता वाद. हे सगळं लिहिलं कधी?

यूलिउस वेलहाउझेन यांनी १८७८ साली जे पुस्तक लिहिलं त्याने दीडशे वर्षं हा विषय गाजतो आहे. त्यांचा युक्तिवाद सोपा करून सांगतो. अनुवाद या ग्रंथात याजक कोण? लेवी वंशातला कुणीही. गावोगावच्या ठाण्यांवरून आलेल्या लेव्याला यरुशलेमात सेवा करू द्या, असं तो ग्रंथ म्हणतो. योशीयाने गावोगावची ठाणी मोडली. पण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नोंद आहे, की तिथले याजक यरुशलेमच्या वेदीवर चढले नाहीत, आपल्या भाऊबंदांबरोबर भाकर तेवढी खात राहिले. म्हणजे चढू दिलं नाही. पुढे यहेज्केल चव्वेचाळिसाव्या अध्यायात सांगतो, त्या लेव्यांनी मूर्तिपूजेत साथ दिली म्हणून त्यांची पायरी खाली. वेदी फक्त सादोकाच्या वंशजांची. आणि याजकीय लिखाणात? तिथे याजक अहरोनाचे मुलगे आणि लेवी त्यांचे मदतनीस, हा फरक सिनायपासून, जणू कायमचाच आहे. वेलहाउझेन म्हणाले, यहेज्केलला ज्याचं कारण द्यावं लागलं ते इथे गृहीत धरलं आहे, म्हणजे हे त्याच्या नंतरचं. बाबेलच्या बंदिवासातलं किंवा परतल्यावरचं.

भांडण किती कडवट होतं ते गोष्टींतूनही दिसतं. निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचं वासरू बनवणारा खुद्द अहरोन आहे. ती गोष्ट याजकांनी लिहिलेली नाही हे सांगायला नको. उलट गणनाच्या सोळाव्या अध्यायात कोरह नावाचा लेवी उठून म्हणतो, सगळी मंडळीच पवित्र आहे, तुम्ही कोण मोठे लागून गेलात? त्याच्या बाजूने धूप घेऊन उभ्या राहिलेल्या अडीचशे जणांना अग्नी गिळतो, आणि त्यांच्या धुपाटण्यांचे पत्रे ठोकून वेदीला बसवतात, पुढच्यांना आठवण राहावी म्हणून. अर्थात याजकांनी स्वतःच्या घरालाही सोडलं नाही. अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, आज्ञा नसलेला अग्नी आत नेतात आणि तिथेच जळून मरतात. बापाबद्दल मजकूर एवढंच सांगतो, की अहरोन गप्प राहिला.

वेलहाउझेनच्या मांडणीला दोन मोठे आक्षेप आले. एक त्यातल्या सुराबद्दल होता. संदेष्टे म्हणजे मोकळा, ताजा धर्म आणि याजक म्हणजे त्याचा ऱ्हास, अशी त्यांची समजूत. यात यहुदी धर्माबद्दलचा जुना जर्मन पूर्वग्रह आहे असं सोलोमन शेख्टर यांनी १९०३ मध्ये स्पष्टच सांगितलं. आमच्या मते तो आक्षेप खरा आहे, पण तेवढ्याने कालनिर्णय खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. येहेज्केल काउफमान यांनी म्हटलं, एज्राच्या पुस्तकातली परत आलेल्यांची यादी बघा. याजक चार घराण्यांचे : ९७३, १०५२, १२४७ आणि १०१७, म्हणजे एकूण ४२८९. लेवी किती? ७४. आता गणनाच्या अठराव्या अध्यायातला कायदा बघा. लोकांनी दशमांश लेव्यांना द्यायचा आणि लेव्यांनी त्याचा दहावा हिस्सा याजकांना. परतल्यानंतरच्या काळात कुणा याजकाने हा कायदा नव्याने लिहिला असेल, तर त्याने चौऱ्याहत्तर माणसांना ढीगभर धान्य दिलं आणि स्वतःच्या चार हजारांना उपाशी ठेवलं! असा कायदा लेवी भरपूर असतानाचाच, म्हणजे जुना असला पाहिजे. आवी हुर्विट्झ यांनी पुढे भाषेवरून दाखवायचा प्रयत्न केला, की याजकीय लिखाणातली हिब्रू यहेज्केलच्या हिब्रूहून जुनी आहे.

१९७९ साली यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर केतेफ हिन्नोम इथल्या एका थडग्यात गाब्रिएल बार्काय यांच्या चमूला चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब. गळ्यात ताइतासारख्या बांधायच्या. त्यांवर गणनाच्या सहाव्या अध्यायातल्या याजकीय आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले. काळ साधारण इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात. म्हणजे याजकांचे शब्द तेव्हा लोकांच्या गळ्यात होते. यावरून सगळं पुस्तक तेव्हा तयार होतं असं मात्र नाही. आरती जुनी निघाली म्हणून पोथी जुनी ठरत नाही. उलट बाजूचा पुरावा नाईल नदीतल्या एलेफन्टाइन बेटावरचा. तिथल्या यहुदी सैनिकांचं स्वतःचं देऊळ होतं, ते इ.स.पू. ४१० मध्ये पाडलं गेलं. त्यांनी यरुशलेमच्या याजकांकडे मदत मागितली, उत्तर आलं नाही. इ.स.पू. ४०७ मध्ये यहूदाच्या सुभेदाराला पुन्हा लिहिलं. परवानगी मिळाली ती अन्नार्पणाची आणि धुपाची. होमार्पणाचा शब्द उत्तरात नाही. म्हणजे एकच वेदी हा नियम पाचव्या शतकाच्या अखेरीसही या यहुद्यांच्या गावी नव्हता.

आम्हाला स्वतःला असं वाटतं, की विधी जुने, देवळातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडचे. त्यांना बांधणारी चौकट मात्र देऊळ गेल्यानंतरची. देऊळ उभं असताना मंडपाची खुंटी न् खुंटी कुणी लिहून काढत नाही.

त्याच एज्राच्या यादीत, दुसऱ्या अध्यायाच्या एकसष्टाव्या वचनापासून, तीन घराणी आहेत. परत आली, आपण याजक आहोत म्हणाली. वंशावळीच्या वह्या शोधल्या, नाव सापडलं नाही. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून काढलं आणि उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक येईपर्यंत परमपवित्र अन्न खायचं नाही असं सांगितलं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट या संदर्भात आठवते. रायगडच्या किनाऱ्यावर शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. दाविद राहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने त्यांना ओळखलं अशी त्यांची परंपरा सांगते. आणि ओळखलं कशावरून, तर शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, आणि बायकांनी पर व खवले असलेलेच मासे निवडले यावरून. सातव्या दिवसाचा विसावा उत्पत्तीच्या आरंभी, सुंता सतराव्या अध्यायात, मासे लेवीयच्या अकराव्यात. तिन्ही याजकांच्या लिखाणातले. पोथी जवळ नसताना तेवढं शिल्लक राहिलं होतं. आणि या समाजात परंपरेने कोहेन, म्हणजे अहरोनाच्या वंशातलं म्हणवणारं, एकही घराणं नाही.